बाळाच्या टाळूवरील खपली

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत, मग तें वणीकडील कोळशाच्या खाणींजवळचें घर असो, पुसद-उमरखेडकडील कास्तकाराचा वाडा असो, किंवा पांढरकवड्याकडील कोलामांचा पोड असो, घरांतील तान्हें मूल महिना दीड महिन्याचें झालें कीं कोणी तरी त्याचें टोपडें काढून पाहतें आणि विचारतें, "लेकराच्या डोस्क्याले हे काय झालं व माय?" बाळाच्या टाळूवर पिवळसर, तेलकट, मेणासारखी चिकटलेली खपली दिसत असते. कांहीं ठिकाणीं ती कोंड्यासारखी सुटते, तर कांहीं ठिकाणीं जाड थर होऊन केसांच्या मुळांशीं घट्ट बसलेली असते. इंग्रजींत हिला 'क्रेडल कॅप', म्हणजे पाळण्यांतली टोपी, असें नांव आहे. आपल्याकडे कोणी तिला टाळूचा कोंडा म्हणतात, कोणी टाळूवरचा मळ म्हणतात, तर कोणी नुसती खपली म्हणतात.

नांवें अनेक असलीं तरी दोष मात्र बहुधा एकाच व्यक्तीला दिला जातो, आणि ती व्यक्ति म्हणजे बाळाची आई. 'नीट न्हाऊ घालीत नाहीं', 'बाळंतपणांत पथ्य पाळलें नाहीं', 'हिचें दूधच उष्ण आहे', असे शब्द त्या बिचारीला ऐकावे लागतात. मग तो मळ काढून टाकण्याच्या घाईनें कोणी नखानें, कोणी फणीच्या दांतांनीं, कोणी खरखरीत फडक्यानें बाळाचें डोकें घासतें. कोवळी कातडी सोलवटते, आणि जी गोष्ट निरुपद्रवी होती तिची खरोखरीची जखम होऊन बसते. हें दुहेरी दुःख, आईचें आणि बाळाचें, थोड्याशा ज्ञानानें टळण्यासारखें आहे. म्हणून ही खपली कां होते, ती कशी काढावी, कित्येक बाळांच्या डोक्यावर ती महिनोन्‌महिने कां टिकते, आणि ती साधी खपली नव्हे असें केव्हां समजावें, या चार गोष्टींचा विचार या लेखांत करावयाचें योजिलें आहे. शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं लहान भावंड, पुतण्या किंवा भाची असते. तेव्हां हा विषय केवळ वडील माणसांचा आहे असें कोणी समजूं नये.

प्रथम कारण पाहूं. मनुष्याची कातडी वरून स्थिर दिसली तरी ती सदैव नवी होत असते. तिच्या खालच्या थरांत नव्या पेशी उत्पन्न होतात, त्या हळूहळू वर सरकतात, वर येतां येतां चपट्या व निर्जीव होतात, आणि शेवटीं डोळ्यांस न दिसणाऱ्या कणांच्या रूपानें गळून पडतात. हा सर्व प्रवास साधारणपणें महिन्याभराचा असतो. कातडींतच, केसांच्या मुळांशीं, तेल पाझरणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. बाळ पोटांत असतांना आईच्या रक्तांतील कांहीं संप्रेरकें त्याच्याही शरीरांत पोहोंचतात, आणि त्यांच्या योगानें या ग्रंथी मोठ्या माणसाच्या ग्रंथींप्रमाणें जोमानें काम करूं लागतात. जन्मतांच बाळाच्या अंगावर जो पांढरा, लोण्यासारखा लेप दिसतो, त्यांतील बराचसा भाग याच ग्रंथींतून आलेला असतो. जन्मानंतर कांहीं महिने हा तेलाचा पाझर चालू राहतो, पुढें ग्रंथी शांत होतात, आणि पुनः बारा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास जाग्या होतात. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर ज्या तारुण्यपीटिका उमटतात, त्यांचें एक मोठें कारण या ग्रंथींची ही दुसरी जागृति होय. म्हणजे आरशासमोर उभा राहून पुटकुळीची चिंता करणारा दादा आणि पाळण्यांतील खपली झालेलें बाळ, या दोघांचें दुखणें एका अर्थीं भाऊबंदच आहे!

आतां कातडींतून निघणारें हें तेल आणि गळून पडणाऱ्या पेशी यांचें मिश्रण झालें म्हणजे पेशी सुटून न जातां एकमेकींस चिकटतात, व त्यांचा थर जमतो. यांत आणखी एकाची भर पडते. आपणां सर्वांच्याच कातडीवर यीस्ट जातीची एक अति सूक्ष्म बुरशी वास करते. लुई शार्ल मालासे नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७४ साली कोंड्याच्या कणांत तिचें वर्णन केलें, आणि पुढें १८८९ साली त्याच्याच नांवावरून तिला 'मॅलॅसेझिया' हें नांव मिळालें. तिला जगण्यास तेल लागतें. ती तेलाचें विघटन करते, त्यांतून निघणाऱ्या आम्लांनीं कातडी किंचित्‌ चाळवते, आणि चाळवलेली कातडी अधिकच लवकर लवकर नव्या पेशी घडवूं लागते. अशा रीतीनें तेल, बुरशी आणि पेशी यांचें चक्र फिरूं लागतें. या तिघांपैकीं कोणाचा वाटा किती, याविषयीं तज्ज्ञांत अद्याप पूर्ण एकमत झालेलें नाहीं. तथापि या खपलीचें कारण घाण नव्हे, आईचें दूध नव्हे, आणि दृष्ट लागणें तर नव्हेच नव्हे, याविषयीं मात्र कोणाचाही मतभेद नाहीं. ही खपली एका बाळापासून दुसऱ्या बाळास लागतही नाहीं.

डोक्यावरील कोंडा ही कांहीं नवीन गोष्ट नव्हे. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांच्या प्रकरणांत 'दारुणक' व 'अरुंषिका' असे डोक्याच्या कातडीचे दोन विकार सांगितले आहेत. युरोपांत हॅम्बुर्ग येथील डॉक्टर उन्ना यांनीं १८८७ साली या तेलकट खपलीच्या विकाराचें पद्धतशीर वर्णन केलें. हा विकार किती सामान्य आहे, हें ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत झालेल्या एका पाहणीवरून कळतें. शाळेंत जाण्यापूर्वींच्या वयाचीं हजारांहून अधिक मुलें तींत तपासलीं होतीं, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांप्रमाणें शेंकडा सुमारें ४२ मुलांच्या डोक्यावर कमी-अधिक प्रमाणांत ही खपली आढळली. त्यांतील बहुतेकांचा विकार अगदीं सौम्य होता. पहिल्या तीन महिन्यांत तिचें प्रमाण सर्वांत अधिक असून पुढें तें कमी होत जातें. यावरून आईला धीर देणारी एक गोष्ट निष्पन्न होते. जी गोष्ट इतक्या मुलांस होते, ती कोणा एकीच्या हयगयीचें फळ असूं शकत नाहीं.

खपली ओळखणें कठीण नाहीं. ती बहुधा तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत दिसूं लागते. तिचें मुख्य स्थान टाळू. परंतु कपाळ, भिंवया, कानांमागील घडी, मान व काखा येथेंही ती कधीं कधीं उमटते. तिची सर्वांत मोठी खूण ही कीं, बाळाला तिचें कांहींच वाटत नाहीं. तें दूध पितें, झोंपतें, हंसतें. डोकें चोळीत नाहीं कीं रडत नाहीं. खपलीचा त्रास असतो तो पाहणाऱ्यांस, बाळास नव्हे. कांहींही न केलें तरी बहुतेक मुलांची खपली आठ ते बारा महिन्यांच्या आंत आपोआप नाहींशी होते. सावळ्या वर्णाच्या मुलांत खपली निघाल्यावर खालची कातडी कांहीं दिवस फिकट दिसते. तो कोड नव्हे. कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं मूळचा रंग परत येतो.

येथें टाळूविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कारण आपल्याकडे खपली लांबण्याचें मूळ पुष्कळदां टाळूविषयींच्या भीतींत असतें. जन्माच्या वेळीं कवटीचीं हाडें एकमेकांस सांधलेलीं नसतात. जन्माच्या वाटेनें बाहेर येतांना डोक्यास थोडेंसें दबतां यावें आणि पुढें मेंदूला वाढण्यास जागा असावी, म्हणून निसर्गानें ती सोय केलेली आहे. पुढच्या बाजूस चौकटच्या आकाराची जी मऊ जागा राहते तीच टाळू. तेथें हाड नसलें तरी बळकट पडदा असतो, आणि म्हणून हलक्या हातानें धुतल्यानें, तेल चोळल्यानें किंवा मऊ ब्रश फिरविल्यानें मेंदूस कोणतीही इजा होत नाहीं. ही जागा बहुधा एक ते दीड वर्षाच्या सुमारास हाड वाढून आपोआप भरते. कांहीं मुलांस थोडा अधिक काळ लागतो.

आपल्या घरोघरीं 'टाळू भरण्याची' जी चाल आहे, ती आतां पाहूं. आजी किंवा न्हाऊ घालणारी बाई रोज कोमट तेल टाळूवर ओतते, बोटांनीं थापटते, आणि टाळू लवकर भरावी म्हणून तें तेल तसेंच मुरूं देते. वरून कोणी वेखंडाची पूड दाबतात, मग टोपडें बांधतात. या चालींत माया आहे, आणि मायेच्या स्पर्शाचा बाळास लाभही आहे. मालिश करूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तेलानें हाड वाढत नाहीं, आणि तेल मेंदूपर्यंत पोहोंचतही नाहीं. तें कातडीवरच राहतें. ज्या डोक्यावर आधींच ग्रंथींचें तेल जास्त झालें आहे, त्यावर रोज नवें तेल घालावयाचें आणि तें काढावयाचें नाहीं. वर पूड, घाम व धूळ यांची भर, आणि त्यावर घट्ट टोपडें. मग ती खपली जावी तरी कशी? शिवाय टाळूला धक्का लागेल या भीतीनें न्हाऊ घालतांना नेमकी तीच जागा सोडून बाकीचें डोकें धुतलें जातें. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या प्रांतांत तर हा लेप दिवसभर भिजलेलाच राहतो. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या खपलीचें रहस्य पुष्कळ घरीं इतकेंच असतें. येथें तेल शत्रु नव्हे. धुवून न काढलेलें तेल हा शत्रु आहे. खपली मऊ करण्यास तेलाचा उपयोग होतो खरा, पण त्याचें काम संपल्यावर त्यानें डोक्यावर मुक्काम करूं नये.

आतां कृति सांगतों. न्हाऊ घालण्यापूर्वीं अर्धा तास, लहान चमचाभर तेल बोटांच्या टोंकांनीं खपलीवर हलकें हलकें चोळावें. खोबरेल किंवा सूर्यफुलाचें तेल चालेल. औषधांच्या दुकानांत मिळणारें लहान मुलांचें खनिज तेल किंवा साधें व्हॅसलीनही चालेल. मोहरीच्या तेलानें कोवळी कातडी चुरचुरण्याचा संभव असतो, म्हणून तें टाळावें. ऑलिव्हचें तेल महाग आहे, एवढ्यावरून तें उत्तम ठरत नाहीं. कातडीचें संरक्षक कवच त्यानें दुर्बळ होतें असें प्रयोगांत आढळलें आहे. खपली फार जाड असेल तर तेल रात्रीं लावून सकाळीं धुतलें तरी चालतें. तेल मुरल्यावर मऊ केसांच्या लहान ब्रशानें, किंवा बोटाला गुंडाळलेल्या मऊ सुती फडक्यानें, गोल गोल फिरवीत जेवढी खपली सहज सुटेल तेवढीच सोडवावी. जी सुटत नाहीं तिला हात लावूं नये. ती उद्यां किंवा परवां सुटेल.

त्यानंतर लहान मुलांच्या सौम्य शांपूनें किंवा साबणानें सर्व डोकें, टाळूसुद्धां, कोमट पाण्यानें धुवावें. कपाळावर हात आडवा धरला म्हणजे पाणी डोळ्यांत जात नाहीं. विहिरीचें किंवा बोरिंगचें पाणी जड असेल तर साबणाचा अंश केसांत राहतो, म्हणून शेवटीं स्वच्छ पाणी दोनदां घालावें. शिकेकाई व रिठा हीं मोठ्यांच्या केसांस ठीक असलीं तरी तान्ह्याच्या डोळ्यांस झोंबतात. त्यांचा उपयोग करूं नये. डाळीच्या पिठाचे कण खपलींत अडकून राहतात, म्हणून खपली आहे तोंवर डोक्याला पीठ लावूं नये. धुतल्यावर जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानें डोकें टिपून कोरडें करावें आणि थोडा वेळ उघडेंच राहूं द्यावें. पहिला आठवडाभर हें रोज करावें. खपली कमी झाली म्हणजे आठवड्यांतून दोन वेळां पुरे. खपलीबरोबर कांहीं केस गळून येतात, त्यानें घाबरूं नये. ते पुनः उगवतात. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलांचें डोकें स्वच्छ होतें. पुढें कधीं पुनः थोडी खपली दिसली तर पुनः हीच कृति करावी.

काय करूं नये, हेंही तितकेंच महत्त्वाचें आहे. नख, फणी, नाणें किंवा खरखरीत दगड यांनीं खपली खरवडूं नये. राख, चुना, सोडा किंवा लिंबाचा रस लावूं नये. बोरिक पावडर हें पूर्वीं पुष्कळ घरांतून नेहमींचें औषध होतें; परंतु सोललेल्या कातडींतून तें अंगांत भिनतें, आणि त्यामुळें तान्हीं मुलें दगावल्याचे दाखले वैद्यकाच्या इतिहासांत नमूद आहेत. मोठ्यांच्या कोंड्याचा शांपू, विशेषतः सॅलिसिलिक आम्ल असलेला, बाळास लावूं नये. बाळाची कातडी पातळ असल्यामुळें औषध तिच्यांतून सहज शोषलें जातें. दुकानदारानें मनानें दिलेली मलमाची नळी तर कधींच लावूं नये. अशा पुष्कळ मलमांत तीव्र स्टेरॉइड असतें. त्यानें चार दिवस कातडी स्वच्छ दिसते, पण पुढें ती पातळ पडते आणि विकार दुप्पट जोरानें उलटतो. याच कारणास्तव २०१८ साली भारत सरकारनें अशीं कित्येक मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकण्यास बंदी केली. ज्या घरीं जावळ काढण्याची चाल आहे, त्यांनीं खपली पूर्ण गेल्यावरच तो समारंभ करावा. उंचवट्यांवरून वस्तरा फिरला म्हणजे कातडी कापते. आणि पातें प्रत्येक बाळाकरितां नवें असावें, हें सांगावयास नकोच.

वरील उपायांनीं खपली गेली नाहीं, किंवा ती चेहऱ्यावर व अंगावर पसरली, तर डॉक्टरांस दाखवावें. ते कधीं बुरशीनाशक औषध असलेला शांपू, तर कधीं अगदीं सौम्य स्टेरॉइडचें मलम मोजक्या दिवसांकरितां देतात. येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. २०१९ साली या विकारावरील उपायांच्या प्रयोगांची जगभर छाननी झाली, तेव्हां विश्वासानें हातीं घेण्याजोगे अवघे सहा प्रयोग सांपडले, आणि त्यांत मिळून तीनशेंच्या सुमारास मुलें होतीं. त्यांवरून कोणतेंही औषध दुसऱ्याहून निश्चित श्रेष्ठ आहे असें ठरलें नाहीं. म्हणून महागड्या बाटलीच्या मागें लागून पैसा खर्चण्यांत हांशील नाहीं. काळ हेंच या खपलीचें मुख्य औषध; मऊ हात व स्वच्छ पाणी हीं त्याचीं सहायक.

परंतु प्रत्येक खपली ही टाळूची साधी खपली नव्हे, आणि तो भेद ओळखण्यांत चूक होतां कामा नये. बाळ सारखें डोकें चोळीत असेल, खाजेमुळें झोंपत नसेल, आणि गालांवर व अंगावर कोरडे लाल चट्टे असतील, तर तो बहुधा इसब होय. त्याची चिकित्सा वेगळी आहे. खपलीखालीं लाली वाढली, लस किंवा पू वाहूं लागला, घाण वास येऊं लागला, किंवा बाळास ताप आला, तर जंतूंचा संसर्ग झाला असें समजून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. सर्व अंगावर पुरळ, सारखे जुलाब आणि वजन न वाढणें हीं एकत्र दिसलीं, किंवा खपलींत व सांध्यांच्या घड्यांत रक्ताळलेले तांबूस ठिपके दिसूं लागले, तर विलंब करूं नये. क्वचित्‌ एखाद्या मोठ्या रोगाची ती पहिली सूचना असते. ताप असून टाळू फुगून वर आली, किंवा जुलाबांत ती आंत खोल गेली, तर तें खपलीचें काम नव्हे. तो जिवाचा प्रश्न आहे, आणि तेथें एक तासही दवडूं नये.

एक वर्षानंतर काय? पुष्कळ मुलांत थोडासा कोंडा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत राहतो, आणि आठवड्यांतून दोनदां डोकें धुतलें कीं तो आवरतो. पण चालत्या-बोलत्या मुलाच्या डोक्यावर नवीनच खपल्या दिसूं लागल्या, तेथले केस तुटून गोल विरळ जागा पडली, खाज सुटली, मानेंत गांठी आल्या, तर तो डोक्याचा नायटा असण्याचा संभव मोठा. टाळूची खपली लागत नाहीं, नायटा मात्र लागतो. एकाच फणीनें, टोपीनें, टॉवेलानें किंवा उशीनें तो भावंडांत पसरतो; कुत्र्या-मांजरांच्या पिलांपासूनही येतो. नुसत्या मलमानें तो बरा होत नाहीं, कारण बुरशी केसाच्या मुळांत शिरलेली असते. त्याकरितां डॉक्टरांच्या देखरेखीखालीं कित्येक आठवडे पोटांत औषध घ्यावें लागतें. त्यांपैकीं ग्रिझिओफल्विन हें औषध १९३९ साली शोधिलें गेलें, आणि १९५८ च्या सुमारास तें पोटांत देण्यास प्रारंभ झाला. तत्पूर्वीं क्ष-किरणांनीं मुलांचे केस झडवून नायटा बरा करीत, व त्याचे दुष्परिणाम कित्येकांस जन्मभर भोगावे लागले. आज गोळीनें बरा होणाऱ्या रोगास 'खपलीच आहे, जाईल' म्हणून वाढूं देणें हें त्या मुलावर अन्याय करण्यासारखें आहे. वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनीं तर आपली फणी दुसऱ्यास न देण्याचा नियमच करावा.

हें सर्व ओळखावें कोणी, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर आपल्या विदर्भांतूनच निघालें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांस नवजात बालकांच्या काळजीचें शिक्षण देऊन घरोघर पाठविलें, आणि त्यायोगें बालमृत्यु मोठ्या प्रमाणांत कमी झाल्याचें १९९९ साली जगापुढें मांडलें. याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरीं जाऊं लागल्या. दवाखान्यांत जन्मलेल्या बाळाकरितां ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशीं त्यांची भेट ठरलेली असते, आणि घरीं जन्मलेल्या बाळाकरितां पहिल्या दिवशींही. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांतील भेटींची योजनाही सुरू झाली. लक्षांत घ्या, ही खपली जेव्हां येते, वाढते व जाते, नेमक्या त्याच काळांतील या भेटी आहेत. तेव्हां आशाताई आल्या असतां बाळाचें टोपडें काढून त्यांस डोकें दाखवावें. संकोच करूं नये. त्यांनीं सांगितल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रांत जावें, आणि तेथून पाठविल्यास यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत दाखवावें. १९८९ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयामुळें आतां अशा तपासणीकरितां नागपूरची वाट धरावी लागत नाहीं.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक विनंती. घरीं जाऊन आजीला 'तुझें सर्व चुकतें' असें सांगूं नका. जिनें आपल्या आईबापांस न्हाऊ घालून वाढविलें, तिच्या हातांत जें कौशल्य आहे तें कोणत्याही पुस्तकांत नाहीं. तिला एवढेंच म्हणा, "आजी, तेल तूंच लाव, पण अर्ध्या तासानें आपण तें धुवून काढूं. टाळूवरूनही पाणी घालूं, त्यानें बाळाला कांहीं होत नाहीं." आणि मुलांनो, हें काम मुलींचेंच आहे असें समजूं नका, कोमट पाणी आणून देणें, कपाळावर हात आडवा धरणें, मऊ फडकें वाळत घालणें, हें भावालाही शोभतें. ज्या ख्रिस्तानें शिष्य आडवे आले असतांही लेंकरांस जवळ घेतलें, त्याच्या नांवानें चालणाऱ्या शाळेंतील मुलांस लेंकराची सेवा हलकी वाटण्याचें कारण नाहीं.

आणि वहिनीला किंवा मावशीला कोणी खपलीवरून बोल लावूं लागलें, तर तेथें मात्र गप्प राहूं नका. ही खपली बाळ पोटांत असतांना आईकडून मिळालेल्या संप्रेरकांचा एक अवशेष आहे. ती कोणाच्या आळसाची खूण नव्हे. कांहीं महिन्यांनीं ती जाईल. पण बाळंतपणांत मनाला लागलेला शब्द तितक्या लवकर जात नाहीं. म्हणून बाळाच्या डोक्यावरून जसा हलका हात फिरवावयाचा, तसाच त्याच्या आईशीं बोलतांना शब्दही हलका असूं द्यावा.